पायातला जोर

"माझा हात ढकल," तपासणीच्या टेबलाच्या पायथ्याशी बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पोरीच्या उजव्या तळव्याला आपला पंजा लावला. "असेल नसेल तेवढा सगळा जोर लाव."

भिंतीलगतच्या खुर्चीत आई पुढे सरकून बसली. सोबतीला एकाच माणसाने आत यायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं दारातच बजावलं होतं. म्हणून पोरीचा सायकलचा सराव घेणारे सर बाहेर राहिले होते. ते आत असते, तर त्यांना गप्प बसवायला आणखी एक डॉक्टर लागला असता.

लहानपणीच्या तापात पोरीचा उजवा पाय गुडघ्याखाली वाळला होता. त्याच पायाने पेडल मारत ती आता देशाच्या संघाच्या दारात येऊन उभी होती. पण दिव्यांगांच्या शर्यतीत उतरायचं, तर पाय किती अधू आहे ते आधी या खोलीत ठरायचं. ठरवलेल्या मापापेक्षा जास्त जोर निघाला, की बाहेर. मग पळवा सायकल धडधाकटांबरोबर, आणि तिथे तिला हिंग लावून कोण विचारणार? मुद्दाम जोर कमी लावला आणि पकडली गेली, तर बंदी. इकडे आड, तिकडे विहीर.

आणि हा पाय सुधारला होता आईनेच. रोज सकाळी तेल चोळायचं, तळव्याला हात लावायचा आणि म्हणायचं, दाब. पोरगी रडायची. आई म्हणायची, दाब. देवाकडेही तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. आज सकाळी मात्र हात जोडून तिने जे मागितलं, ते ऐकून देवही चमकला असेल. पोरीच्या पायात फार जोर दिसू देऊ नकोस, म्हणाली.

तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण निघताना ती पोरीलाही म्हणाली होती, "जरा हातचं राखून दाब गं. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना," पोरगी म्हणाली होती, आणि बुटाची पट्टी करकचून आवळून पुढे चालू लागली होती.

पोरीने पाय दाबला. डॉक्टरीणबाईंचा पंजा जागचा हलला नाही. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या तपासनीसाने काहीतरी लिहिलं.

"एवढाच?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एवढाच," छताकडे बघत पोरगी म्हणाली.

एवढाच नव्हता. तो पाय आईच्या तळहाताला पाठ होता. पोरगी खरा जोर लावायची तेव्हा तिचा खालचा ओठ दातांखाली जायचा आणि मानेची शीर फुगायची. आता ओठ सुटा होता, मान सैल. सकाळी आईला गप्प करणारी पोरगी या टेबलावर येऊन घाबरली होती, आणि आईने सांगितलं तेच करत होती.

"पुन्हा एकदा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात संशय होता की नव्हता, आईला कळेना. तपासनीस मात्र पुढे आला आणि वाकून पोटरीकडे निरखून बघू लागला. बारीक असली तरी ती चढ चढून कमावलेली पोटरी होती. ती कशी लपणार?

पोरीने मान वळवून आईकडे पाहिलं. काय करू ते सांग, असं ते बघणं होतं. आईने मागितलेलं तिला मिळत होतं. पोरगी तिच्या डोळ्यांदेखत अधू होऊन दाखवत होती, आणि आईला ते बघवेना. तिला स्वतःचीच भीती वाटली.

"दाब," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"बाई, बोलायचं नाही असं सांगितलंय तुम्हाला," तपासनीस म्हणाला. "पुन्हा बोललात तर बाहेर जावं लागेल."

"जाते," आई म्हणाली, पण उठली नाही. "दाब गं. रोज दाबतेस तसं."

पोरीचा ओठ दातांखाली गेला. मानेची शीर वर आली. डॉक्टरीणबाईंनी पंजा घट्ट रोवला, मग दुसराही हात लावला, आणि त्यांचं चाकांचं स्टूल त्यांच्यासकट फरशीवरून मागे सरकलं.

तपासनीसाने आधी लिहिलेलं खोडलं आणि नवं लिहिलं. काय लिहिलं ते आईला खुर्चीतून दिसत नव्हतं, आणि उठून बघायची तिची छाती नव्हती. संपलं सगळं, असं तिला वाटत होतं. आपल्याच तोंडाने आपण पोरीची सायकल घालवली, असंही वाटत होतं.

"आई," टेबलावरून पोरीने विचारलं. "किती सरकलं गं?"

आईने फरशीकडे पाहिलं.

"वीतभर," ती म्हणाली. मग तिला राहवेना. "जास्तच असेल."