अख्खा बाक कॉफी आणायला गेला

"आणि आपला चेंडूफेक्या, तो पिचर?" एव्हेलिओनं विचारलं.

"पिचर कसला, अर्ध्या दिवसाचा मजूर आहे मेला," ओनेलिया म्हणाली. "सहाव्या इनिंगपर्यंत राजा. सातवी आली की हात गळतो, जसं कुणी त्याला अंगाई म्हणतंय. पुढच्या वर्षी त्याला पाळण्यासकट मैदानावर आणा."

बाक खूश झाला. बेसबॉलचा हंगाम संपला की सिएनफुएगोस शहरातल्या या बागेत, बदामाच्या झाडाखालच्या लांब बाकावर, आपल्या संघातल्या एकेकाची अशी झाडाझडती होई. वर्तमानपत्रं गोड लिहीत, बाक खरं बोले. त्यातही एक गोम होती. ज्याच्याकडून पुढच्या वर्षी काही आशा असे, त्यालाच इथं शिव्या मिळत. ज्याचं संपलं, त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

बाकावर ओनेलिया ही एकटीच बाई, पण तिच्या तोंडाला सगळे वचकून होते. दुपार कलली होती. खाडीवरचा वारा अर्धवट झोपेतच इकडून तिकडे कूस बदलत होता. एखाद्याचं नाव निघालं की तो खेळाडू समोरच्या हिरवळीवरून चालत येतोय आणि टोपी हातात घेऊन उभा राहतोय, असं तिला दिसे. शिव्या खाऊन झाल्या की तो झाडांच्या सावलीत विरघळून जाई. तिला हे फार आवडायचं. वर्षभर ती या दुपारची वाट बघे.

"आता डाव्या बाजूचा क्षेत्ररक्षक," फ्लोरेन्सिओ न्हावी म्हणाला आणि तिच्याकडे बघायचं टाळून बदामाची पानं न्याहाळू लागला.

डाव्या बाजूला योस्बेल खेळायचा. ओनेलियाचा मुलगा.

बाकाची रीत ठरलेली होती. आपल्या माणसाचं नाव निघालं की उठायचं, कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी कॉफी आणायची. तेवढ्यात बाकीच्यांनी काय ते बोलून घ्यायचं. ओनेलिया दरवर्षी उठे. परत येताना लांबूनच बाकाचं खिदळणं कानावर पडे, आणि पोराला भरपूर शिव्या पडल्यात हे कळून ती निर्धास्त होई.

आज ती उठली नाही. सकाळीच योस्बेल म्हणाला होता, "आई, सोमवारी संघाला सांगायचंय. अजून एक हंगाम खेळू, की लहान पोरांना शिकवायचं काम घेऊ? माझं मलाच कळेनासं झालंय. आज तू उठू नकोस. बाक काय म्हणतो ते ऐकून ये. ते म्हणतील तसं करीन."

"ओनेलिया, कॉफी," एव्हेलिओनं आठवण केली.

"आज मला नकोय कॉफी. बोला तुम्ही."

कुणी बोलेना. हिरवळीवर योस्बेल आला होता, पण तो टोपी काढून उभा राहिला नाही. तोंड आभाळाकडे करून तो उलट्या पावलांनी मागं मागं पळत होता, शेवटच्या सामन्यात पळाला होता तसाच, आणि चेंडू काही केल्या खाली येत नव्हता.

"अरे बोला की!" ओनेलिया खेकसली. "चेंडू डोक्यावरून गेला, झोपा काढत होता म्हणा. पाय जड झाले म्हणा. इतकी वर्षं कुणाची भीडभाड ठेवली नाहीत, आणि आजच बरी दातखीळ बसली!"

एव्हेलिओ गुडघ्यांवर हात टेकून उठला. "मी आणतो कॉफी."

"तू का उठतोस? तू कोण त्याचा?"

"असं काय करतेस गं," तो पुटपुटला. "आपलंच पोर आहे."

मग फ्लोरेन्सिओ उठला. त्याच्या मागून बाकीचेही एकेक करून उठले, कुणी पँट झटकत, कुणी उगाच खोकत. अख्खा बाक कॉफी आणायला गेला. ओनेलियाला त्यांचा संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त माया आली. ती त्या लांब बाकावर एकटीच बसून राहिली. हिरवळीवर आता कुणीही नव्हतं.

घरी योस्बेल उंबऱ्यात बसून पायांना तेल चोळत होता. ती दिसताच त्याचा हात थांबला.

"काय म्हणाला बाक?"

काय सांगायचं ते तिनं वाटेतच जुळवून ठेवलं होतं. "म्हणणार काय! सोलून काढलं तुला. मला बाई ऐकवेना."

योस्बेलचा चेहरा उजळला. "खरंच? फ्लोरेन्सिओ काय म्हणाला?"

"म्हणाला, याच्यापेक्षा तिथं खांब पुरा, निदान सावली तरी पडेल."

तो मोठ्यांदा हसला. दाराला डोकं टेकून त्यानं डोळे मिटले. "अजून सांग ना. एव्हेलिओ?"

"एव्हेलिओ ना..." तिनं एव्हेलिओसारखं बोट नाचवलं, त्याच्यासारखाच आवाज चढवला. "म्हणाला, त्याचे पाय म्हणजे काय... पाय म्हणजे नुसते..."

तिच्या गालावरून पाणी ओघळलं. बोट तसंच हवेत राहिलं.

योस्बेलनं डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. मग थोडा सरकून त्यानं उंबऱ्यावर तिच्यासाठी जागा केली.

"आई," तो हळूच म्हणाला, "शिव्या देताना एव्हेलिओ कधी रडत नाही."