नवरीशिवाय धवला

मृणाल उंबऱ्याबाहेरच थांबली. "पेपरमधून आलेय," ती म्हणाली. "धवल्यांबद्दल लिहायचंय."

मनुबाईने मान वर करून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "पेपरवाली म्हनून आलीस ना? मंग बस."

मितेश मागे रेकॉर्डरची बॅग सांभाळत उभा होता. कोपरीच्या कोळीवाड्यात तो पहिल्यांदाच आला होता. समोरच्या दारातली बाई त्यांना बघून झटकन आत गेली. त्याचं त्याला काही वाटलं नाही. माइक दिसला की लोक असेच करतात.

मृणाल फ्रीलान्स पत्रकार होती. कळव्यातली बालनाट्यं, डोंबिवलीतली सायकल-लायब्ररी, कल्याणच्या सोसायटीने स्वतः बसवलेलं पाणी मोजायचं यंत्र, असल्या बातम्या ती शोधून काढायची. फिजिक्स शिकलेला मितेश मानपाड्याहून येऊन तिच्यासाठी आवाज टिपायचा. या वेळी काम 'ऐकत्या भिंती'चं होतं. खाडीकाठच्या भिंतीवर फलक लागणार होते. मोबाइल धरला की त्या वस्तीतला आवाज ऐकू येणार होता.

मनुबाई धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात भटजीच्या जागी ही बाई बसते आणि धवले गाऊन सगळे विधी लावते. पाठवणीचा मोठा धवला पुरा येणारी आता तीच उरली होती. परवा तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठीसकट स्वरयंत्रही काढणार होते. तिच्या पुतण्याने, दिपेशने, फोन करून मृणालला हे कळवलं होतं. धवला आज मिळाला तर मिळाला.

"चा घेनार?" मनुबाईचा आवाज वाळूवरून होडी ओढल्यासारखा खरखरत होता.

"नको, कशाला त्रास."

"तरास कसला? पावन्यांना देतातच."

मितेशला तिने साखर किती म्हणून विचारलं. मृणालला विचारलं नाही. बिनसाखरेचा कप तिच्यापुढे ठेवला. मितेशला वाटलं, म्हातारी विसरली. पण मृणालने तो कप तसाच तोंडाला लावला.

प्रश्न सुरू झाले. धवले कोणाकडून शिकलात? सासूकडून. कोणाकोणाची लग्नं लावलीत? "हय कोनाची नाय लावली ते इचार."

मृणालने पेन थांबवलं. "कोणाची नाही लावली?"

"कोरटात जाऊन सही करतात त्यांची. त्यांना धवला कनाला पायजे?"

मितेश हसला. "आजी, सांभाळून. आमच्या मॅडमचंपण कोर्टातलंच आहे."

"आसंल," मनुबाई म्हणाली. पदराच्या टोकाने तिने स्वच्छ असलेला पाट पुन्हा पुसला. "नवरा बरा हाय?"

"चांगला आहे," मृणाल म्हणाली.

"कोन लोक?"

"बौद्ध. शाळेत शिकवतो."

"सासू?"

"जीव लावते."

"बरा हाय मंग." मनुबाईने खिडकीबाहेर पाहिलं. "कोनीतरी लावायला पायजे."

मितेशला मजा वाटली. मुलाखत कोण घेतंय, असं त्याने मृणालला खुणेने विचारलं. तिने पाहिलं नाही. शेवटी तिने मुद्दा काढला. "मनुबाई, पाठवणीचा धवला म्हणाल? रेकॉर्ड करून ठेवतो."

"नाय."

"एकदाच."

"नवरी समोर नसताना धवला गात नाय. सासूने मना बजावलंय."

"आजी, समजा ना एक नवरी," मितेश म्हणाला. "कुठलंही नाव घ्या. सोनल, संचिता, काहीपण."

"देवाला फशीवतंस रं?" ती ओरडलीच, आणि त्या ओरडण्याने तिला खोकल्याची उबळ आली. मृणाल अर्धी उठली आणि पुन्हा बसली. खोकला थांबल्यावर मनुबाई हळू म्हणाली, "धवल्यात पोरीचा नाव लागतं, तिच्या आयचा लागतं. दोनी खरी लागतात. खोटा नाव घेतला तर धवला बाटला."

मितेशने मृणालकडे पाहिलं. एवढं बोलूनच आजीचा आवाज बसत चालला होता.

"राहू दे, मितेश," मृणाल म्हणाली. तिने बॅग उचलली. "त्रास दिला. परवासाठी... काळजी घ्या."

ती उंबऱ्याशी पोचली तेव्हा मागून आवाज आला. "बस."

मनुबाईने पाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध ठेवला. "हय बस. तोंड उगवतीला कर."

मृणाल बसली. मनुबाईने स्वयंपाकातल्या डब्यातली हळद तळहातावर घेऊन पाण्यात कालवली आणि अंगठ्याने तिच्या दोन्ही गालांना लावली. मितेशचा आनंद मावेना. मॅडमने निघायचं दाखवून बरोबर पेच टाकला होता. आता नवरी खरी नसली तरी समोर बसलेली तर होती. त्याने पंखा बंद केला, हेडफोन चढवला, माइक जवळ सरकवला.

मनुबाई गाऊ लागली. आधी खाडीला हाक, मग गावदेवीला, मग मांडवाला. आवाज तुटत होता. तुटला की ती थांबायची, थुंकी गिळायची आणि तिथूनच उचलायची. मृणालने मान खाली घातली होती. हळदीचं पाणी तिच्या हनुवटीवरून कुर्त्यावर ठिबकत होतं. ते फार ठिबकतंय, असं मितेशला वाटलं.

मग मनुबाई थांबली. पुढे नावांची जागा होती.

मितेशच्या एकदम ध्यानात आलं की आजीला मृणालचं नाव कोणी सांगितलंच नव्हतं. दारात ती नुसती पेपरवाली होती, तो स्वतः मॅडम म्हणत होता. आणि मॅडमच्या आईचं नाव तर त्यालाही ठाऊक नव्हतं. तिने कधी आईचा विषयच काढला नव्हता. रेकॉर्डिंग बिघडलं तर बिघडलं, विचारलेलं बरं, म्हणून त्याने हेडफोन उतरवायला हात वर नेला.

तेवढ्यात त्याच्या कानात, फाटलेल्या आवाजात, पुढची ओळ आली:

"मनूचे पोटची मृनाल गो, माजे हातशी निंगाली..."