ठिपक्यांतून ओढलेली रेघ

वृद्धाश्रमाच्या नव्या मॅनेजरने जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर आलेख टांगला. कामाची मावशी कोणाच्या उशाशी किती वेळ बसली आणि तो किती लवकर गेला, त्याचे ठिपके. मधून सरळ रेघ.

"बघा, मावशी जितकी जास्त बसते, तितकं माणूस लवकर जातं!"

मावशीचं डोकंच सणकलं. "अहो दीडशहाणे, माणूस जायला टेकलं की मी बसते! एकट्याने जाऊ नये म्हणून. रेघ उलटी कशाला वाचताय?"

पण तोवर हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या आजींचा श्वास अडकायला लागला. मावशी धावत गेली, उशाशी टेकली, आजींचा हात हातात घ्यायला वाकली.



आजींनी घाबरून आपला हात पांघरुणाखाली लपवला.