तिसरी शिवी

कॉल सेंटरमधल्या नव्या मुलीच्या कानावर पहिली शिवी आदळली. तक्रार होती कपडे धुण्याच्या मशीनची. शिवी मात्र अशी खणखणीत इंग्रजी, की प्रशिक्षणात सरांनी तिचं नुसतं पहिलं अक्षर फळ्यावर लिहून घाईघाईने पुसलं होतं.

इथले फोन सगळे इंग्रजीत चालत, आणि शिव्यांचा नियम ठरलेला होता. दोन वेळा नम्र ताकीद द्यायची, तिसऱ्या शिवीला फोन सुपरवायझरकडे. पण मुलीची नोकरी अजून पक्की नव्हती. नवख्या माणसाचा फोन वर गेला की त्याला घरी बसवतात, असं कँटीनमध्ये सगळे सांगायचे. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. म्हणून तिने काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

"सो सॉरी, मॅडम," ती म्हणाली.

"तुम्ही मला ताकीद देणार नाही?" पलीकडच्या बाईने विचारलं. इंग्रजी सफाईदार होतं, आवाज थरथरत होता.

मुलगी चक्रावली. शिव्या देऊन वर ताकीद मागणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं, म्हणजे ऐकलं. चाचरत तिने ताकीद दिली. लगेच दुसरी शिवी आली. मागे एक पुरुष हसला.

"अस्सं! आणखी सुनाव!"

म्हणजे तिकडे स्पीकर चालू होता. मुलीने दुसरी ताकीद दिली. आता तिसरी नको, तिने मनातल्या मनात हात जोडले.

तिसरी आली. हळू, एकेक शब्द सुटा, पाठ केलेला धडा म्हणावा तशी. त्यात राग औषधालाही नव्हता. पुरुषाचा आवाज आता अगदी जवळून आला. "बास झालं. ठेव तो फोन. मग बघतो तुझ्याकडे."

ही धमकी आपल्याला नाही, त्या बाईला आहे, हे मुलीने ओळखलं. आपण नुसतं गप्प बसलो तर फोन बंद होईल आणि नोकरी वाचेल, हे तिला कळत होतं. तिने सुपरवायझरचं बटण दाबलं.

सुपरवायझर चरफडतच तिच्या टेबलाशी आल्या आणि दुसरा हेडफोन कानाला लावला. चौथी शिवी ऐकली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पुढच्या क्षणी त्या कडाडल्या, "ही काय भाषा झाली, मॅडम? तुमचं मशीन आता कोणी दुरुस्त करणार नाही! जा, करा काय करायचं ते!"

"करत नाही म्हणजे काय?" पलीकडे पुरुष खवळला. "थांब, ठेवू नकोस! सोडू नकोस तिला!"

सुपरवायझरनी आपला आवाज बंद करायचं बटण दाबलं. "अगं, ही सहा वर्षं माझ्या शेजारी बसायची. लग्न झालं आणि गेली. तिसऱ्या शिवीला फोन माझ्याकडे येतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. हिच्या तोंडून मी कधी साधं 'शट अप'सुद्धा ऐकलं नाही. स्क्रीनवर पत्ता दिसतोय ना? पोलिसांना फोन लाव."

"आणि तुम्ही?" मुलीने पत्ता उतरवून घेत विचारलं.

"मी भांडत राहते. ती शिव्या देतेय तोवर तो तिला हात लावणार नाही."