मुंग्या

"मेन स्विच बंद केलाय ना, काका?" चर खणणाऱ्या नसीमने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मोरेश्वर ओक चिडलेच. "अगं, सकाळीच केलाय. तू आपलं काम कर."

घरामागे सांडपाणी शुद्ध करणारी नवी टाकी बसली होती. तिच्या पंपासाठी घरापासून जमिनीखालून केबल न्यायची होती, आणि त्या कामाला ही इलेक्ट्रिशियन मुलगी आली होती. ओकांचा तिच्यावर फारसा भरवसा नव्हता.

जास्वंदीजवळ मातीतून एक जुनी वायर वर आली. बागेतल्या दिव्यासाठी ओकांनीच ती कधीतरी नुसती पुरली होती. ती बाजूला करायला ते वाकले, तोच नसीमने त्यांचा हात फाडकन झटकला.

"अगं ए!"

तिने वायरच्या उंदरांनी कुरतडलेल्या जागी टेस्टर टेकवला. तो लाल पेटला.

"मेन बंदच आहे, काका. पण ही वायर इन्व्हर्टरवर आहे."

ओकांनी जास्वंदीखालच्या ओल्या मातीकडे पाहिलं. इथेच तर त्यांची बायको सुलभा रोज अनवाणी उभी राहून झाडांना पाणी घालायची. आठ दिवस ती सांगत होती, "अहो, बागेत गेलं की पायांना मुंग्या येतात." आणि ते म्हणाले होते, "साखर वाढली असेल. गोड कमी खा."

नसीमने इन्व्हर्टर बंद करून वायर तोडली. ओक स्वयंपाकघरात गेले. सुलभा ओट्याशी कणीक मळत होती. ते तिच्यापाशी फरशीवर बसले आणि त्यांनी तिची दोन्ही पावलं घट्ट धरली.

"अहो, हे काय! ती मुलगी बघेल ना!"

पण त्यांच्याने ती पावलं सोडवेनात.