कॉम्प्रेशन आणि अबोला

“तंत्रज्ञानात गोंधळाला जागा नसते,” साहेबांनी जाहीर केलं आणि वेबसाइटवर नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं उमटली. अकराला गिऱ्हाईक ती बघायला येणार होतं. हातचं काम गेलं तर ऑफिसला टाळं. ऑफिसात कामाला एक नवरा-बायको: वेबसाइटची पानं बायको बनवायची, सर्व्हर नवरा सांभाळायचा, आणि सकाळपासून दोघांचा अबोला. पान लवकर उघडावं म्हणून दोघांनीही ते एकमेकांना न सांगता कॉम्प्रेस केलं होतं, म्हणजे दोनदा दाबून लहान केलं होतं; ब्राउझर एकदाच उलगडत होता, म्हणून हे चौकोन. हे कळताच दोघांनी मुकाट्याने आपापलं कॉम्प्रेशन बंद केलं. पान इतकं जड झालं की हलेना. दोघांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा चौकोन! “अहो, एकानेच करा!” साहेब रडकुंडीला आले. “ह्यांना सांगा, मी बंद करतेय,” बायको म्हणाली. पान झर्रकन उघडलं. साहेबांनी घाम पुसला. नवरा हळूच म्हणाला, “साहेब, घराची किल्ली तिच्याकडेच आहे का, तेवढं विचारा.”