'आत सोडा'

चंदनसारच्या सोसायटीतल्या नरहरीकाकांच्या पत्राला अक्षयाने उत्तरच दिलं नव्हतं. 'पाहुणा आल्याची सूचना फोनवर येते, पण खालचं "आत सोडा" बटण दिसत नाही,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. सोसायटीच्या गेटचं ते ॲप तिनेच बनवलेलं. सूचनेच्या चौकटीची मापं एकमेकांत बसत नाहीत, असा इशारा संगणक तिला रोज द्यायचा. पण ॲप चालतंय ना, म्हणून ती काणाडोळा करायची.

आज तिने वयस्कर माणसं ठेवतात तशी फोनवरची अक्षरं मोठी केली. चौकट होती तेवढीच राहिली आणि बटण खाली गडप झालं. तिने चौकटीच्या उंचीचं बंधन काढताच ते पुन्हा दिसू लागलं. मग तिने काकांच्या सोसायटीच्या गेटवर फोन लावला.

"आज काकांकडे कोणी आलं, की बटण दिसतंय का विचाराल?"

वॉचमन हसला. "त्यांच्याकडे कोण येतंय, ताई? काका फिरून आले की पाहुणा म्हणून स्वतःचंच नाव टाकायला लावतात. म्हणतात, निदान फोन तरी वाजू दे."


अक्षयाने उत्तर धाडलं, 'काका, बटण दुरुस्त झालंय, पण पाहुणा आल्याशिवाय खात्री कशी होणार? रविवारी चहाला येते.'